हिरवा अर्क तपकिरी का पडतो? पानांतलं हरितद्रव्य काढताना तपासणी कुठून सुरू करावी

अकरावीच्या प्रॅक्टिकलसाठी पालकातून हरितद्रव्य काढणारी मुलं आणि घरच्या साबणाला, बर्फीला पानाचाच हिरवा रंग द्यायला निघालेल्या बायका, बडोद्यात अशी दोन्ही प्रकारची माणसं माझ्याकडे येतात. मी रसायनशास्त्राच्या शिकवण्या घेते. तक्रार दोघांचीही एकच: काढताना रंग सुरेख होता, नंतर गेला. मुलं म्हणतात, “ताई, परत तपकिरी.” शेजारणी म्हणतात, “बेन, कलर जतो रह्यो.”

बिघाड बहुतेक वेळा एकाच जागी असतो. पण त्याची नक्कल करणारे आणखी काही बिघाड आहेत आणि त्यांचे उपाय निराळे. त्यामुळे आधी लक्षण ओळखायचं, मग हात लावायचा.

लक्षणं

- अर्क गाळताना स्वच्छ हिरवा होता. अर्ध्या-एक तासात किंवा रात्रीतून शेवाळी, मग तपकिरी झाला.
- गरम करताना डोळ्यांदेखत रंग मेला.
- बाटली खिडकीत ठेवली होती. तपकिरी वगैरे काही झालं नाही, नुसतं फिकट पिवळं पाणी उरलं.
- पानं पाण्यात वाटली, पाणी हिरवं दिसलं. पण गाळल्यावर हिरवं सगळं फडक्यावर राहिलं.
- वाटतानाच काळपट-राखाडी झालं, हिरवं कधी दिसलंच नाही.
- क्रोमॅटोग्राफीच्या (अर्कातले रंग वेगवेगळे करणाऱ्या) कागदी पट्टीवर वरच्या नारिंगी-पिवळ्याखाली एक राखाडी पट्टा आला, किंवा हिरवा ठिपका जिथे लावला तिथून हललाच नाही.

पहिली दोन लक्षणं आणि शेवटच्यातला राखाडी पट्टा ही एकाच दुखण्याची रूपं आहेत. हरितद्रव्याच्या रेणूच्या मधोमध मॅग्नेशियमचा एक अणू असतो. क्लोरोफिल-ए या हरितद्रव्याच्या मुख्य प्रकाराच्या रेणूचं वजन सुमारे ८९३, त्यात मॅग्नेशियमचा वाटा जेमतेम २४. पण हिरवेपणा त्याच्या जिवावर आहे. आम्लातले हायड्रोजन त्याला बाहेर काढून त्याची जागा घेतात आणि उरतं ते फिओफायटिन, शेवाळी-तपकिरी. पालकाची भाजी झाकण ठेवून फार वेळ शिजवली की जो रंग येतो, तोच हा. हा मॅग्नेशियम रेणूचाच भाग आहे, मळासारखा चिकटलेला नाही, हे रिखार्ड विलस्टेटर यांनी दाखवलं. वनस्पतींतल्या रंगद्रव्यांवरच्या कामासाठी त्यांना १९१५चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

काहीही विकत आणण्याआधी एक फुकटची परीक्षा करा. चांगला हिरवा अर्क आहे तोवर त्यातला चमचाभर काचेच्या छोट्या बाटलीत काढा आणि त्यात लिंबाचे दोन थेंब टाकून हलवा. थोड्या वेळात जो रंग येईल तो नीट बघून ठेवा. पुढे तुमचा अर्क बिघडून याच रंगाचा झाला, तर दोष आम्लाचा. बिघडलेला अर्क याच्याशी न जुळता नुसता फिकट पडला असेल तर दोष उजेडाचा. आणि काळपट झाला असेल तर पान किंवा भांडं. एवढ्यावर निम्मं निदान होतं.

पान कोणतं, कधीचं

ही तपासणी फुकट आहे, म्हणून पहिली. खंडेराव मार्केटात सकाळी जुडी घेतलेली आणि दुपारी लारीवर पाणी मारमारून टवटवीत दिसणारी जुडी घेतलेली, यांत फरक असतो. बडोद्याच्या मे महिन्यात पारा चाळीसच्या वर असताना ओल्या जुडीच्या आतली पानं वाफाळत असतात. पेशी फुटायला तिथेच सुरुवात झालेली असते. जुडी सोडून मधली पानं बघा. कडेला पाणचट, काळपट डाग असतील तर ती भाजीला वापरा, अर्काला नको.

पानाची जातही बघायला हवी. पालक मऊ म्हणून सगळे पालक घेतात, आणि ते बरोबरच आहे. त्यात ऑक्झॅलिक आम्ल असतं तरी ते आवरता येतं. अंबाडी आणि चुका मात्र चवीलाच आंबट, त्यांतून हिरवा अर्क काढायचा हट्ट धरू नका. आंब्या-पेरूच्या पानांत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर, वाटताच काळवंडतात. भज्यांची पोई, म्हणजे आपली मायाळू, बुळबुळीत, गाळणीच तुंबते. अळू वाटलंत तर हात खाजतील ते वेगळंच, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पालक नसेल तर मेथी किंवा कोथिंबीर घ्या, फक्त देठ काढून टाका. देठात रंग कमी आणि पाणी जास्त.

किती रंग मिळेल याचीही कल्पना असू द्या. ताज्या पालकाच्या एका ग्रॅममध्ये हरितद्रव्य साधारण एक मिलीग्रॅम असतं. पाच ग्रॅम पानं म्हणजे पाच मिलीग्रॅम, तेही सगळं निघालं तर. “पावडर का नाही मिळाली?” याचं उत्तर या हिशोबात आहे.

उजेड आणि वेळ

यालाही खर्च नाही. पानात असताना हरितद्रव्याला सांभाळणारी सगळी व्यवस्था भोवती असते. बाहेर काढलं की ते उघडं पडतं. उजेड आणि हवेतला ऑक्सिजन मिळून रेणूचं कडंच मोडतात आणि रंग नाहीसा होतो. त्यामुळे तिसऱ्या लक्षणाला सोडा-बिडा काही चालत नाही. औषधाची तपकिरी बाटली घ्या, नाहीतर साध्या बाटलीला अ‍ॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळा. तोंडापर्यंत भरा, म्हणजे हवा कमी राहील. आणि काम त्याच दिवशी उरका. सोमवारी काढून गुरुवारी पट्टी करायची हा बेत मुळातच चुकीचा आहे.

एक सूचना: अ‍ॅसिटोन किंवा स्पिरिटमधला अर्क घरच्या फ्रिजमध्ये ठेवू नका. बंद जागेत वाफ साठते आणि फ्रिजच्या आत ठिणगी पडू शकणारे भाग असतात. अंधारं, गार कपाट पुरे.

भांडं

लोखंडी खलबत्ता बाजूला ठेवा. लोखंड आणि पानातलं टॅनिन मिळून काळपट निळसर रंग देतात. जुन्या काळी शाई याच मिश्रणाची करत. दगडी किंवा चिनी मातीचा खल, नाहीतर स्टीलचं भांडं चालतं. मिक्सर चालतो, पण थांबून थांबून फिरवा, पातं तापतं. आणि मिक्सरच्या भांड्यात अ‍ॅसिटोन कधीही ओतू नका. खाली मोटर आहे, तिच्यात ठिणग्या असतात.

तांब्याचा किस्सा उलटा आहे. कल्हई गेलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यात अर्क उकळला तर रंग उलट जास्त झगझगीत आणि टिकाऊ होतो. मॅग्नेशियमच्या रिकाम्या जागी तांबं जाऊन बसतं आणि मग सहजी हलत नाही. बघायला छान, पोटात जायला वाईट. भाजी हिरवीगार दिसावी म्हणून मोरचूद लावणाऱ्यांची युक्तीही हीच. तुमचा अर्क न सांगता फारच सुंदर हिरवा टिकला असेल तर भांड्याचा तळ आधी बघा, आणि खाण्यात तो अर्क वापरू नका.

आंबटपणा: खरी गोम इथेच

पानाच्या पेशीत आम्ल एका पिशवीत असतं आणि हरितद्रव्य दुसरीकडे, हरितलवकात. जिवंत पानात दोघांची गाठ पडत नाही. तुम्ही बत्ता मारता त्या क्षणी सगळ्या पिशव्या फुटतात आणि आम्ल थेट रंगावर येतं. त्यामुळे आम्ल मारणारं द्रव्य वाटण्याच्या आधी खलात हवं. नंतर टाकलं तर तोवर जे फिओफायटिन झालं ते झालं.

प्रयोगशाळेत यासाठी चिमूटभर मॅग्नेशियम कार्बोनेट किंवा कॅल्शियम कार्बोनेट वापरतात. रसायनांच्या दुकानात छोटी बाटली मिळते आणि ती वर्षानुवर्षं पुरते. पाच ग्रॅम पानांना दोन बोटांची चिमूट बास. ही द्रव्यं पाण्यात फारशी विरघळत नाहीत. आम्ल भेटेल तेवढंच मारतात आणि अर्क फार अल्कधर्मी होऊ देत नाहीत.

इथे मुलं एक हमखास शॉर्टकट मारतात: शाळेतला खडू. पुस्तकात खडू म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट असं असतं. पण फळ्यावरचे बहुतेक खडू जिप्समचे, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचे असतात. ते आम्लाला काही करत नाहीत. तपासायचं सोपं आहे. खडूच्या भुकटीवर लिंबू पिळा. फसफसलं तर कार्बोनेट, गप्प बसलं तर जिप्सम. दगडाच्या भुकटीची पांढरी रांगोळी याच परीक्षेत बरेचदा पास होते आणि प्रॅक्टिकलपुरती चालते. खाण्याच्या कामाला अर्थातच नाही.

खाण्याचा सोडा हा घरगुती पर्याय. चालतो, पण त्याच्यावर लक्ष ठेवावं लागतं. हरितद्रव्याला फायटॉल नावाची लांब तेलकट शेपटी असते, तिच्यामुळे ते पाण्यात विरघळत नाही. सोडा जास्त झाला आणि वर गरम केलं तर ही शेपटी तुटू लागते आणि पाण्यात विरघळणारं हिरवं द्रव्य तयार होतं. बर्फीसाठी पालकाची प्युरी करताना याचा थोडा उपयोगच होतो. पण चिमटीऐवजी चमचा पडला तर साबणासारखी चव येते, भाजीचा लगदा होतो आणि क जीवनसत्त्व जातं. पट्टी करणाऱ्यांनी सोड्याच्या वाटेला जाऊ नये. शेपटी तुटलेलं हरितद्रव्य पट्टीवर वेगळंच वागतं.

आणखी एक प्रश्न दर वर्षी येतो. मॅग्नेशियम गेलं म्हणून रंग गेला, तर एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियमचं मीठ) टाकून ते परत घालता येईल का? नाही. बाहेर पडायला मॅग्नेशियमला थोडं आम्ल पुरतं. आत बसवणं घरात मीठ ढवळून होणारं काम नाही. तपकिरी झालेला अर्क टाकून नवीन करा.

पाण्याबद्दलही सांगते. ‘शुद्ध म्हणून आरओचं वापरलं’ असं लोक अभिमानाने सांगतात. आरओचं पाणी बरेचदा किंचित आम्लधर्मी असतं, बोअरचं जड पाणी उलट बाजूला झुकलेलं. पानं उकळत्या पाण्यात बुडवायची असतील तर बोअरचं किंवा नळाचंच घ्या.

उष्णता: थोडी हवी, जास्त नको

पानात क्लोरोफिलेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं. पेशी फुटली की ते फायटॉलची शेपटी कापायला लागतं. पाणी मिसळलेल्या अ‍ॅसिटोनमध्ये ते थांबत नाही, उलट जोमात येतं. पट्टीवर हिरवा ठिपका जागचा हलत नसेल तर संशय यावर घ्या: शेपटी गेलेलं हरितद्रव्य रंगाने हिरवंच असतं, पण कागदाला धरून बसतं. उपाय म्हणजे पानं उकळत्या पाण्यात मिनिटभर, झाकण न ठेवता बुडवायची आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाकायची. झाकण नको, कारण उडून जाणारी आम्लं वाफेबरोबर जाऊ द्यायची आहेत. मग फडक्यात दाबून कोरडी करायची. मिनिटाची पाच मिनिटं झाली तर जे वाचवायला निघालात तेच घालवाल.

पानं वाळवून वापरायची असतील तर सावलीत, पंख्याखाली. गच्चीवरचं ऊन पापडांना ठीक.

बाटलीत नेमकं काय आहे

आता पैसे लागणारी तपासणी. नेलपॉलिश काढायचं द्रव म्हणजे अ‍ॅसिटोन असं समजून मुलं येतात. लेबल वाचा. काहींत अ‍ॅसिटोन नसतंच, एथिल अ‍ॅसिटेट असतं; बहुतेकांत पाणी, तेल, सुगंध असतोच. हिशोब बघा: पालकात नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी. पाच ग्रॅम पानांबरोबर साडेचार मिलीलिटर पाणी आपोआप येतं. त्यावर १८ मिली शुद्ध अ‍ॅसिटोन टाकलं तर मिश्रण ८० टक्क्यांचं होतं, आणि तेच हवं. मुळात पाणी घातलेलं द्रव वापरलं तर टक्केवारी खाली घसरते, रंग पुरता निघत नाही आणि अर्क गढूळ होतो.

स्पिरिटचं म्हणाल तर गुजरातेत दारूबंदी. रेक्टिफाइड स्पिरिट हा परवान्याचा विषय आहे, ओळखीच्या दुकानाचा नाही. मेडिकलमधलं आयसोप्रोपिल अल्कोहोल काम भागवतं. सॅनिटायझर मात्र नको. जेलमध्ये घट्ट करणारं द्रव्य असतं, गाळताच येत नाही. पातळ सॅनिटायझरच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या पाककृतीत ग्लिसरीन आणि ०.१२५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आहे. टिकायला हव्या असलेल्या रंगात ऑक्सिडीकरण करणारं द्रव्य कशाला घालायचं?

नुसत्या पाण्यात काढलेलं ‘हिरवं पाणी’ हा अर्कच नव्हे. त्यात फुटलेल्या हरितलवकांचे तुकडे तरंगत असतात, म्हणून गाळलं की हिरवं वर राहतं. स्वयंपाकासाठी तोच गाळ वापरावा, तो उत्तम असतो. फक्त लिंबू शिजवताना नको, ताटात वाढताना पिळा.

पट्टी आणि यंत्र

इतकं करूनही शंका उरली तर फिल्टर पेपरची पट्टी खरं सांगते. पट्टीवर चढवायचं द्रव म्हणजे नऊ भाग पेट्रोलियम ईथर आणि एक भाग अ‍ॅसिटोन. हे कॉलेजच्या प्रयोगशाळेतच, शिक्षकांसमोर. वरून खाली नारिंगी-पिवळं कॅरोटीन, मग पिवळं झँथोफिल, मग निळसर हिरवं क्लोरोफिल-ए, सर्वांत खाली पिवळसर हिरवं क्लोरोफिल-बी. कॅरोटीनच्या खाली राखाडी पट्टा दिसला तर ते फिओफायटिन. परत आंबटपणाच्या तपासणीकडे जा. नोटा तपासायच्या दिव्याखाली अर्क लाल चमकला म्हणून खूश होऊ नका, फिओफायटिनही तसंच चमकतं.

आकडा हवा असेल तर अर्क किती उजेड शोषतो ते मोजणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर लागतो. ८० टक्के अ‍ॅसिटोनमध्ये ६६३ आणि ६४५ नॅनोमीटरला वाचन घेतात, पहिल्याला ८.०२ने आणि दुसऱ्याला २०.२ने गुणून बेरीज केली की लिटरमागे एकूण हरितद्रव्य मिलीग्रॅममध्ये मिळतं. हे १९४९चं सूत्र अजून बहुतेक कॉलेजांत चालतं. पण अर्क तपकिरीकडे झुकला असेल तर हा आकडा फसवा. अशा वेळी ९० टक्के अ‍ॅसिटोनमधल्या अर्काचं ६६५ला वाचन घेऊन त्यात आम्लाचा थेंब टाकतात आणि पुन्हा वाचतात. आधीचं वाचन नंतरच्याच्या सुमारे १.७ पट असेल तर क्लोरोफिल शाबूत. दोन्ही जवळपास सारखी आली तर मॅग्नेशियम आधीच गेलेलं होतं.

इथे थांबा

अर्क आटवून घट्ट करायचा असेल तर घरी थांबा. अ‍ॅसिटोन ५६ अंशांना उकळतं आणि उणे २० अंशांच्या आसपासही त्याची वाफ पेट घेऊ शकते. वाफ हवेपेक्षा जड, ओट्यावरून सरपटत शेगडीपर्यंत जाते. ‘मंद आचेवर’, ‘डबल बॉयलरमध्ये’ यांतलं काहीच सुरक्षित नाही. हे काम फ्यूमहूड (वाफ बाहेर ओढणारं कपाट) आणि रोटरी इव्हॅपोरेटर (द्रव आटवायचं यंत्र) असलेल्या प्रयोगशाळेचं. वर्गातल्या अर्ध्या कपापेक्षा जास्त द्रव हाताळायचं असेल तरीही तिकडेच जा.

दुपट्टा रंगवायचा असेल तर याच्या मागेच लागू नका. सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेल्या कलाभवनात रंगकाम शिकवलं जायचं, तेव्हापासूनच्या या रंगाऱ्यांच्या गावात तरी हे माहीत असावं: पानाचा हिरवा सुतावर टिकत नाही. जुने रंगारी निळीवर पिवळा चढवून हिरवा करत. हातमागाचं काम करणाऱ्या चांगल्या रंगाऱ्याला विचारा. साबणात घालणार असाल तर गिऱ्हाइकाला आधीच सांगा की वडी उजेडात फिकी पडणार. यावर घरगुती इलाज नाही.

विकायच्या मिठाईत घालायचा असेल तर अ‍ॅसिटोन किंवा मेडिकलच्या अल्कोहोलातून काढलेला अर्क अजिबात नको, कितीही उडवला तरी. खाद्यरंग म्हणून विकला जाणारा, लेबल आणि परवाना क्रमांक असलेला रंग घ्या, आणि शंका असेल तर नमुना मान्यताप्राप्त अन्न प्रयोगशाळेत द्या. ‘क्लोरोफिलचे थेंब’ औषध म्हणून घ्यायचे असतील, विशेषतः दुसरी औषधं चालू असताना, तर तो प्रश्न डॉक्टरांचा, शिकवणीच्या ताईचा नव्हे.

डोळ्यात अ‍ॅसिटोन उडालं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली डोळा धरा आणि डॉक्टरांकडे जा. उरलेला अर्क सिंकमध्ये ओतू नका. झाकणाच्या काचेच्या बाटलीत साठवा, नाव-तारीख लिहा आणि कॉलेजच्या प्रयोगशाळेत टाकाऊ द्रावकांचा डबा असतो, तिथे विचारून द्या.